आक्कांचं रनिंग

“गाडी बंद पडली काय गं?” मागच्या सीटवरून आक्कांनी विचारलं.

“नाही मावशी, चाललीय की. बाहेर बघा,” मी म्हटलं.

आक्कांनी काचेतून बाहेर बघितलं. रसवंतीगृह, टायरचं दुकान, मंगल कार्यालयाची कमान, सगळं मागे मागे पळत होतं आणि इंजिनाचा मात्र आवाज नव्हता. गाडी नुसत्या बॅटरीवर चालली होती. “अगं बाई,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि डोकं सीटला टेकवून त्यांनी डोळे मिटले. पदराखाली धरून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी त्यांच्या हातातून सुटून मांडीवर पडली. अर्ध्या तासापूर्वी याच रस्त्यावर, दुसऱ्या गाडीत, त्या पिशवीत त्यांना दोनदा उलटी झाली होती.

मी तेव्हा सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये गाड्या विकत होते. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात टॅबलेट, तोंडावर सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत न उतरणारं हसू. गिऱ्हाईक आलं की आम्ही पहिला प्रश्न एकच विचारायचो, “महिन्याचं रनिंग किती?” म्हणजे गाडी महिन्याला किती किलोमीटर पळणार. तो आकडा कळला की पेट्रोल घ्यावी की हायब्रिड, हे टॅबलेट आपोआप सांगायचा. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड तेव्हा नवीन आलेली, पेट्रोलपेक्षा अडीच लाखांनी महाग. ज्याचं रनिंग जास्त, त्याचे ते जास्तीचे पैसे तेल वाचून काही वर्षांत फिटायचे. ज्याचं कमी, त्याला ती परवडायची नाही. सरळ गणित होतं, आणि मला ते आवडायचं.

मगदूम कुटुंब पलूसच्या अलीकडच्या एका गावचं. आक्का म्हणजे पद्मावती मगदूम, वय अडुसष्ट, दोन वर्षांपासून डायलिसिसवर. आठवड्यातून तीनदा मिरजेच्या दवाखान्यात जायचं, चार तास मशीनला पडून राहायचं आणि परत घरी. हे जाणं-येणं त्या वडापच्या जीपमधून करायच्या. पुढच्या सीटवर चौघं, मागे दाटीवाटीत दहाजण, त्यात सुया टोचून सुजलेला हात सांभाळत बसलेली ही बाई. नवरा गेल्यावर आक्कांच्या नावावरचा रस्त्याकडेचा एक प्लॉट विकला गेला होता. त्या पैशातून आक्कांसाठी गाडी घ्यायची असं घरात ठरलं, म्हणून दोघं मुलगे त्यांना घेऊन आले होते. थोरला विद्याधर ज्युनियर कॉलेजात शिकवायचा. धाकटा सुकुमार बेदाण्याची दलाली करायचा.

आणि आले होते कधी? तर डायलिसिस संपवून, दवाखान्यातून सरळ. एका फेरीत दोन कामं. आक्कांच्या दंडावरची पट्टी अजून ओली होती.

पेट्रोलची गाडी पहिली झाली. ती सुकुमारनं चालवली. “पिकअप बघू जरा,” म्हणत त्यानं ऊस नेणाऱ्या दोन ट्रॉल्या एका दमात ओलांडल्या आणि गतिरोधकावर गाडी अशी आदळली की आक्कांनी वरची मूठ दोन्ही हातांनी धरली. मी म्हटलं, “सर, मागे मावशी आहेत.” त्यावर तो म्हणाला, “आक्काला सवय हाय. जीपनं जाती ती.” मग आक्कांना उमासे आले. सुकुमारनं गाडी बाजूला घेतली नाही, फक्त चारी काचा खाली केल्या आणि आरशात बघत ओरडला, “आक्का, पिशवीत हां! शोरूमची गाडी हाय!”

मी रुमाल दिला. आक्कांनी तो घेतला, तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, “धुऊन देतो हां पोरी.” आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, येतो, जातो, देतो. मला माझी आजी आठवली.

म्हणून हायब्रिडमध्ये त्या डोळे मिटून शांत पडल्या तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. सिग्नलला गाडी थांबली, इंजिन गप्पच. साधी थरथरसुद्धा नाही. विद्याधर जपून चालवत होता. परत येईपर्यंत आक्कांना डुलकी लागली होती. आता हिशोब करायचाच काय राहिला, असं मला वाटलं. पंचविशीतलं माझं डोकं ते.

शोरूमच्या आत एसी होता, गुलाबाचा वास मारणारा फवारा होता आणि आमचे मॅनेजर आरगे सर होते. हायब्रिड गाड्या खपत नव्हत्या आणि वरून रोज फोन यायचा, त्यामुळे हायब्रिड बघायला आलेलं गिऱ्हाईक त्यांना वासावरून कळायचं. ते हात जोडून धावत आले.

“या या या! आईसाहेबांना इथं सोफ्यावर बसवा. खोत मॅडम, नारळपाणी सांगा सगळ्यांना. आणि समोसे.”

आक्का समोसा खाणार नव्हत्याच. त्या जैन, बटाटा त्यांना धर्मानं चालत नव्हता आणि आजारानंही. नारळपाण्याचा ग्लास समोर आला तेव्हा त्यांनी मान हलवली.

“घे की आक्का,” सुकुमार म्हणाला. “ताकद येती.”

“मला विष हाय ते,” आक्का शांतपणे म्हणाल्या. “डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलंय. तू होतास की तिथं.”

“होय होय,” म्हणत सुकुमारनं तो ग्लास उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला. मलई चमच्यानं खरवडून खाल्ली. दोन वर्षं आई आजारी आहे आणि तिनं काय प्यायचं नाही हे पोटच्या पोराला ठाऊक नाही. माझ्या मनात त्याच्याविषयी पहिली शिसारी आली ती तेव्हा. मला वाटलं, यापुढे आता आणखी काय होणार.

आक्कांनी सोफ्याच्या पाठीला डोकं टेकलं आणि पुन्हा डोळे मिटले. आम्ही चौघं शेजारच्याच टेबलाशी बसलो. मध्ये जेमतेम एक कुंडी.

“महिन्याचं रनिंग किती धरू सर?” मी टॅबलेट उघडला.

“गावातलं, शेताकडचं, कधी सांगली असं तीनेकशे,” विद्याधर म्हणाला. “आणि आक्काचं मिरजेचं हजार.”

तेराशे टाकले. टॅबलेटवर दोन रेघा आल्या, पेट्रोलची पांढरी, हायब्रिडची निळी, आणि त्या एका ठिकाणी एकमेकींना कापून पुढे गेल्या.

“सात वर्षं,” मी म्हटलं. “सात वर्षांत हायब्रिडचे जास्तीचे पैसे फिटतात. त्यानंतर सगळा फायदाच. आणि मावशींना त्यात त्रासही झाला नाही.”

“सात!” आरगे सर टाळी वाजवल्यासारखं म्हणाले. “म्हणजे काहीच नाही साहेब. चांगली गाडी पंधरा वर्षं जाते.”

विद्याधरनं चष्मा काढून पुसला. मग तो घसा खाकरून, अगदी वर्गात बोलावं तसं नीट बोलला. “मॅडम, ते हजार तुम्ही कायमचे धरलेत. तसं धरता यायचं नाही.”

“म्हणजे? मला समजलं नाही सर.”

“म्हणजे तीनशे कायम आहेत. हजार जे आहेत, ते काही कायम नाहीत.” त्यानं सोफ्याकडे बघितलं नाही. “ते किती वर्षं धरायचे ते आधी ठरवू.”

मला कळलं, पण कळल्यासारखं चेहऱ्यावर दाखवता येईना. माझं ते ठेवणीतलं हसू तसंच राहिलं होतं, आणि ते आवरायचं कसं तेच सुचेना.

“तीन धर दादा,” सुकुमार म्हणाला. “डॉक्टर काय म्हणाले तुला माहीत हाय.”

“डॉक्टर तसं काही म्हणाले नाहीत.”

“तोंडानं नाही म्हणाले. पण त्यांचा चेहरा बघितलास न्हवं?”

“सर, सर,” आरगे सर मध्ये पडले. मला वाटलं, आता हा माणूस त्यांना गप्प करील. वयानं मोठा, घरी म्हातारी आई असलेला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज मऊ केला. “असं तीन वगैरे कशाला धरता? आईसाहेबांची प्रकृती काय वाईट आहे? चेहऱ्यावर तेज बघा. माझ्या साडूच्या काकूंनी डायलिसिसवर आठ वर्षं काढली. तुम्ही सात धरा बिनधास्त.”

“सात कुठली हो!” सुकुमार हसला. खरंच हसला. “सात म्हणजे पंच्याहत्तर होतात. आमच्या घरात किडनी चांगली असणारी माणसं पंच्याहत्तरला पोचली नाहीत.”

“बरं, पाच?”

“चार,” विद्याधर म्हणाला. “जास्तीत जास्त चार. आणि शेवटचं वर्ष पूर्ण धरता येणार नाही, तेव्हा माणूस दवाखान्यातच असतो. फेऱ्या होत नाहीत.”

“पाच करा साहेब, ॲक्सेसरी माझ्याकडून. मॅट, कव्हर, सगळं.”

तासगावात बेदाण्याच्या सौद्यात दलाल असेच बोलतात. हा वर ओढतो, तो खाली. तिथे निदान बेदाण्याचा ढीग मध्ये असतो. इथे कुंडीच्या पलीकडे पट्टी बांधलेला हात घेऊन बसलेली एक बाई होती, आणि हे तिघं चार आणि पाचवर घासाघीस करत होते. सकाळपासून तीनदा मारलेला तो गुलाबाचा फवारा, समोशाचं तेल, सुकुमारच्या ओठावर चिकटलेली नारळाची मलई, सगळ्याची एकदम किळस आली. उठून जावंसं वाटत होतं. पण आरगे सर म्हणाले, “मॅडम, पाच टाका,” आणि विद्याधर म्हणाला, “चार टाका,” आणि माझं बोट टॅबलेटवर तसंच राहिलं.

“हळू बोला ना सर,” मी कसंबसं म्हटलं. “मावशी तिथं आहेत.”

“झोपलीय ती,” सुकुमार म्हणाला. “डायलिसिस झालं की दोन तास मेल्यासारखी झोपती.” मग पुढे वाकून त्यानं खरं पोटातलं काढलं. “मॅडम, मी काय म्हणतो, हायब्रिडच्या बेसिक मॉडेलच्या पैशात पेट्रोलचं टॉप मॉडेल येतंय न्हवं? सनरूफवालं?”

“येतं.”

“मग झालं की! पोरं किती दिवस सनरूफ सनरूफ करायलीत. आणि पिकअप पण बघितलाय मी. हायब्रिड काय, म्हाताऱ्या माणसाची गाडी.”

“आईंच्या पैशातून घेताय ना गाडी?” माझ्या तोंडून गेलं.

आरगे सरांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. विद्याधरच्या कपाळावर आठी आली. “घरात तुझं-माझं असं नसतं मॅडम,” तो म्हणाला. “तुम्ही फक्त आकडे टाका.”

“बाई,” कुंडीपलीकडून आवाज आला.

आम्ही चौघांनी माना वळवल्या. आक्का तशाच टेकून बसल्या होत्या, फक्त डोळे उघडे होते. आवाजात झोप अजिबात नव्हती.

“माझं रनिंग किती धरलंयस?”

“हजार, मावशी. महिन्याला.”

“ते काढ.”

“काढू?”

“शून्य घाल.”

विद्याधरचा चेहरा पांढरा पडला. “आक्का, असं काय बोलतीस? डायलिसिस थांबवून कसं चालंल? आम्ही सहज बोलत होतो. हिशोब असतो तो, मनाला लावून घ्यायचा नसतो.”

“घाल बाई,” आक्का मला म्हणाल्या.

मी तेराशेचे तीनशे केले. पांढरी रेघ आणि निळी रेघ एकमेकींपासून लांब गेल्या आणि त्यांचा मेळ पार पडद्याच्या टोकाला गेला.

“किती आलं?”

“तीस वर्षं, मावशी.”

सुकुमारनं वाकून टॅबलेटमध्ये बघितलं. आणि तो जे बोलला ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटेल मी तिखटमीठ लावतेय. त्याच्या आईनं नुकतंच सांगितलं होतं की तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या बंद धरा. त्यावर तो, कुणाला उद्देशून नाही, आपल्या आपणच, सुटल्यासारखा म्हणाला, “म्हणजे मग पेट्रोलच परवडतंय.”

आरगे सरांनीसुद्धा मान खाली घातली. आक्का मात्र त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. रागानं नव्हे. बाजारात एखादी वस्तू उलटून बघावी आणि ठेवून द्यावी, तसं.

“सुकुमार,” त्या म्हणाल्या, “मी मरणार न्हाई रं. मी मिरजेला ऱ्हाणार.”

“आँ?”

“माझ्या शेजारच्या खाटंवर कलावती असती. ब्राह्मणपुरीत घर हाय तिचं, दवाखान्यापासनं हाकेवर. खालची खोली रिकामी हाय म्हणून चार महिने झालं मागं लागलीय. मीच म्हणत हुतो, पोरास्नी काय वाटंल.” त्या थांबल्या. “आता न्हाई काय वाटत.”

“आणि जेवणखाण? रात्रीअपरात्री काय झालं तर?” विद्याधर उभाच राहिला होता. “लोक काय म्हणतील आक्का? दोन दोन मुलगे असताना आई भाड्यानं राहती?”

“स्वयपाकाला बाई ठेवतो. रात्री झोपाय पण ठेवतो. पैसा हाय की माझा.”

“पण तो गाडीचा पैसा हाय!” सुकुमार म्हणाला.

“कशाची गाडी? माझं रनिंग शून्य हाय. तूच म्हणालास न्हवं, मग पेट्रोल परवडतंय. घे की पेट्रोल. तुझ्या पैशानं घे.”

विद्याधर त्यांच्यापाशी जाऊन खाली बसला. हात धरायला गेला तो नेमका पट्टीचाच हात. आक्कांनी तो हळूच सोडवून घेतला.

“चार धरलास व्हय रं?” त्यांनी त्याला विचारलं. एवढं एकच वाक्य बोलताना त्यांचा आवाज चिरकला. “धाकट्याचं सोड. तू शिकवतोस पोरास्नी.”

विद्याधर चष्मा काढून पुसत राहिला.

मग आक्कांनी माझ्याकडे बघितलं. “ती गप बसणारी गाडी तुला चालवाय येती काय गं?”

“येते की.”

“मला सोड मिरजेला.”

“मॅडम,” आरगे सर ताडकन म्हणाले, “डेमो गाडी पाच किलोमीटरच्या पुढे न्यायची परवानगी नाही. माहितीय ना?”

“टेस्ट ड्राइव्ह आहे सर,” मी म्हटलं आणि किल्ली उचलली. “मावशींना गाडी आवडलीय.”

आक्कांचे मुलगे काचेच्या दारापर्यंत आले. त्यांच्या मागे आरगे सर. बाहेर पडताना मला ऐकू आलं, सुकुमार आरगे सरांना विचारत होता, “लोनवर घेतली तर सनरूफवालीचा हप्ता किती बसंल?”

गाडी रस्त्याला लागली. ऊन कलतं होतं. आक्का या खेपेला पुढे बसल्या होत्या, माझ्या शेजारी. रडतील असं मला वाटलं, पण रडत होते मीच. त्यांनी तो न धुतलेला रुमाल पिशवीतून काढून बघितला आणि परत आत टाकला.

“घाण हाय,” त्या म्हणाल्या. “पदरानं पूस.”

“मावशी, तुम्ही सगळं ऐकत होता?”

“गाडीत झोपलो हुतो खरा. लई दिवसांनी प्रवासात झोप लागली. तिथं सोफ्यावर न्हाई. आईला पोरांचा आवाज आल्यावर झोप लागती व्हय?”

मिरजेची वेस जवळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, “किती वर्षांत फिटत हुती म्हणालीस? माझं रनिंग धरून?”

“सात.”

“हं,” आक्का म्हणाल्या आणि कलावतीच्या घराची वळणं सांगायला लागल्या. उतरताना त्यांनी माझं कार्ड मागून घेतलं आणि बटव्यात ठेवलं.

त्या वर्षाअखेर मी शोरूम सोडलं. कुणी रनिंग किती विचारलं की मला तो मलईचा ओठ दिसायचा, मग हसू टिकायचं नाही, आणि हसू नसेल तर गाड्या विकता येत नाहीत. आता मी मिरजेतच एका शाळेच्या ऑफिसात आहे. सुकुमारनं त्याच महिन्यात ती सनरूफवाली घेतली. ती मला एकदा दिवाळीत बाजारात दिसली, छतातून दोन पोरांची मुंडकी वर आलेली आणि आत गाणी लावलेली. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले.

आक्कांच्या खोलीवर मी सुरुवातीला दोनतीनदा गेले. कलावतीबाई आणि त्या बरोबर चालत दवाखान्यात जायच्या, बरोबर परत यायच्या, आणि दुपारभर चिंचोके मांडून काहीतरी खेळायच्या. पुढे माझं लग्न, मूल, सासूबाईंचं आजारपण, यात जाणं राहून गेलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. दार उघडलं आणि दुसरंच कुणी समोर आलं तर?

परवा सकाळी पोळ्या करताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“खोत बाई काय?” माहेरचं आडनाव घेऊन मला आता कुणी हाक मारत नाही.

“आक्का!”

“वळखलीस व्हय. कार्ड सापडलं तुझं. म्हटलं बघू लागतो काय.” आवाज बारीक झाला होता, पण ठाम होता. “एक विचारायचं हुतं. त्या गाडीच्या दुकानात आलो हुतो त्याला आज सात वर्षं झाली. ती गप बसणारी गाडी. आज फिटली असती न्हवं?”

मी तव्याखालचा गॅस बंद केला. पोळी करपली होती.

“फिटली असती आक्का,” मी म्हटलं. “आजपासून सगळा फायदाच.”

“मग झालं,” आक्का म्हणाल्या. फोन ठेवणार तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी आवाज खाली आणला. “पोरास्नी बोलू नको हां कुठं भेटली तर. परत हिशोब मांडाय बसतील.”